पडणारा चेंडू आणि उतरणारा चेंडू

गेल्या दिवाळीच्या सुटीत नववीत शिकणाऱ्या एका मुलीने माझी चांगलीच फजिती केली. ती माझी भाची. आधी ती फजितीच सांगतो, कारण आजचा विषय तिच्यातूनच निघाला आहे.

अकरावीच्या वर्गाला दाखवण्यासाठी मी संगणकावर पडणाऱ्या चेंडूचे एक छोटे चलच्चित्र तयार करीत होतो. जळगावहून धुळ्याला बहिणीकडे जाताना लॅपटॉप बरोबर नेला होता. एकूण अकरा चित्रे काढली. पहिल्या चित्रात चेंडू वर, अकराव्या चित्रात जमिनीवर, आणि मधल्या नऊ चित्रांत तो समान अंतराने थोडा थोडा खाली. प्रत्येक चित्र सेकंदाचा दहावा भाग पडद्यावर राहील अशी व्यवस्था केली आणि मोठ्या हौसेने घरच्यांना दाखवायला बसलो.

भाचीने ते दोनदा पाहिले आणि अहिराणीत विचारले, "मामा, हाऊ चेंडू पडी ऱ्हायना का लिफ्टमा उतरी ऱ्हायना?" हा चेंडू पडतो आहे, की लिफ्टमधून उतरतो आहे?

सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून ओशाळलो. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूचा वेग सतत वाढत जातो, हे मी अठरा वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. चित्र काढताना मात्र मी चेंडूला एकसारख्या वेगाने खाली आणले होते! तिला त्वरणाचे सूत्र आठवावे लागले नाही. झाडावरून पडणाऱ्या कैऱ्या आणि हातून सुटलेली भांडी तिने आयुष्यभर पाहिली होती. चूक तिच्या डोळ्यांनी पकडली.

यातली गंमत नीट लक्षात घ्या. माझ्या अकरा चित्रांपैकी एकही चित्र चुकीचे नव्हते. कोणतेही एक चित्र वेगळे काढून पाहिले असते, तर त्यात कोणालाही दोष दिसला नसता. दोष होता तो चित्रांच्या मधल्या अंतरांत. म्हणजे गती ही चित्रात नसते. ती असते दोन चित्रांमधल्या फरकात, आणि तो फरक किती ठेवायचा हे निसर्गाचा नियम माहीत असल्याशिवाय ठरवता येत नाही.

डोळ्यांना गती कशी दिसते?

चित्रपट पाहताना पडद्यावर सेकंदाला २४ स्थिर चित्रे एकामागून एक येतात. प्रत्येक चित्राला चौकट किंवा फ्रेम म्हणतात. स्थिर चौकटींमधून आपल्याला हालचाल का दिसते? या प्रश्नाचे 'दृष्टिसातत्य' हे उत्तर अनेक पुस्तकांत आढळते. डोळ्यावर उमटलेली प्रतिमा वस्तू नाहीशी झाल्यावरही क्षणभर टिकते, म्हणून चित्रे एकमेकांत मिसळतात, असे त्यात सांगितलेले असते.

हे उत्तर अर्धेच आहे. प्रतिमा टिकत असल्यामुळे पडदा लुकलुकताना दिसत नाही, हे खरे. पण चित्रे नुसती मिसळलीच असती, तर आपल्याला चेंडूंची एक लांब पुसट माळ दिसली असती, हलणारा एक चेंडू नव्हे. हलणारा चेंडू दिसतो याचे कारण मेंदूत आहे.

माक्स वर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने या विषयावरचे आपले प्रयोग १९१२ साली प्रसिद्ध केले. त्याने शेजारशेजारच्या दोन रेषा एकीनंतर एक अशा दाखवल्या. दोहोंमधला वेळ फार कमी ठेवला, तर पाहणाऱ्याला दोन्ही रेषा एकदमच दिसत. वेळ फार वाढवला, तर आधी एक आणि मग दुसरी अशा त्या सुट्या दिसत. पण मधल्या एका टप्प्यात, सुमारे सेकंदाच्या विसाव्या भागाइतके अंतर असताना, एकच रेषा एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकताना दिसे. प्रत्यक्षात काहीच सरकलेले नसे! दोन चित्रांमधला सांधा मेंदू आपल्या पदरचा जोडतो. ॲनिमेशनचा सारा खेळ या सांध्यावर उभा आहे.

फाळक्यांचा वाटाणा

योगायोग असा, की त्याच १९१२ साली मुंबईत एक मराठी माणूस एकेक चौकट जोडून गती निर्माण करण्याच्या खटपटीत होता. ते होते त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके. चित्रपटाचे तंत्र शिकण्यासाठी त्यांनी आपली विमा पॉलिसी गहाण टाकली आणि लंडन गाठले. परत आले तेव्हा कॅमेरा मागवलेला होता, पण मोठा चित्रपट काढण्याएवढा पैसा जवळ नव्हता. नुसत्या शब्दांवर विश्वास ठेवून या नव्या धंद्यात पैसे घालणार कोण?

फाळक्यांनी तेव्हा जे केले ते भौतिकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभराहून अधिक काळ एकेक चौकट घेत राहिले. पडद्यावर ती फीत चालवली तेव्हा कोंब मातीतून वर आला आणि बघता बघता त्याचा वेल झाला. 'अंकुराची वाढ' या नावाने ही फीत ओळखली जाते. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी त्यांना कर्ज देण्याची तयारी दाखवली. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. काड्यापेटीतील काड्या एकेका चौकटीगणिक सरकवून त्या आपोआप हलताहेत असे भासवणारी 'आगकाड्यांची मौज' ही फीतही फाळक्यांनी नंतर काढली.

आपल्याकडच्या चित्रपटसृष्टीच्या पायाशी राजेमहाराजांच्याही आधी एक वाटाणा आहे, हे विसरू नका. आणि त्या वाटाण्यामागची युक्ती साधी आहे. चित्रे घ्यायची सावकाश आणि दाखवायची भराभर.

आपली साधने

फाळक्यांना यासाठी विमा गहाण टाकावा लागला. आज शाळेच्या संगणकावर हे काम फुकट होते. चित्रांवर काम करणारे जे प्रोग्रॅम आहेत त्यांपैकी 'गिम्प' हा विनामूल्य मिळतो. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठातील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहायला घेतला, आणि १९९६ साली तो सर्वांसाठी खुला झाला. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर तो चालतो.

अशा प्रोग्रॅममध्ये चित्र अनेक थरांचे बनवता येते. या थरांना 'लेयर' म्हणतात. काचेच्या तावदानांवर वेगवेगळी चित्रे काढून ती एकावर एक रचावीत, तसे हे असते. ॲनिमेशन करताना आपण प्रत्येक थराला एक चौकट मानायचे. सर्वांत खालचा थर ही पहिली चौकट आणि सर्वांत वरचा थर ही शेवटची.

आता माझा चुकलेला चेंडू दुरुस्त करू या.

करून पाहा : १

(१) ४०० पिक्सेल रुंद आणि ६०० पिक्सेल उंच असे पांढरे नवे चित्र उघडा. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. वरच्या कडेपासून ५७० पिक्सेलवर जमिनीची आडवी रेघ ओढा.

(२) 'लेयर' या यादीतील 'ड्युप्लिकेट लेयर' वापरून या थराच्या आणखी दहा प्रती काढा. आता एकूण अकरा थर झाले.

(३) ५० पिक्सेल रुंद व ५० पिक्सेल उंच असा एक छोटा पारदर्शक थर घेऊन त्यात चेंडू रंगवा. या चेंडूची प्रत प्रत्येक चौकटीवर योग्य जागी ठेवायची आणि 'मर्ज डाउन' या आज्ञेने खालच्या थरात मिसळून टाकायची.

(४) योग्य जागा कोणती? पहिल्या चौकटीत चेंडूची वरची कड चित्राच्या माथ्यापासून २० पिक्सेलवर ठेवा. पुढच्या दहा चौकटींत ती त्या जागेच्या खाली पुढीलप्रमाणे असावी : ५, २०, ४५, ८०, १२५, १८०, २४५, ३२०, ४०५ आणि ५०० पिक्सेल. 'इमेज' या यादीतील 'गाइड्स' वापरून त्या त्या ठिकाणी आखणीच्या रेघा टाकता येतात, म्हणजे चेंडू बिनचूक बसतो. रेघ टाकताना प्रत्येक आकड्यात सुरुवातीचे २० मिळवायला विसरू नका.

(५) 'फिल्टर्स' मधील 'ॲनिमेशन' आणि त्यातील 'प्लेबॅक' निवडून चित्र चालवून पाहा.

(६) मनासारखे झाले की 'एक्स्पोर्ट ॲज' निवडा आणि फायलीच्या नावाला जीआयएफ हा शेवट द्या. समोर आलेल्या चौकोनात 'ॲज ॲनिमेशन' वर खूण करा आणि प्रत्येक चौकटीचा काळ ५० मिलिसेकंद भरा. प्रत्येक चौकट आधीचीला पूर्ण झाकेल, म्हणजे 'रिप्लेस' होईल, हा पर्याय ठेवा.

जीआयएफ हा चित्रे साठवण्याचा प्रकार १९८७ सालचा आहे. त्यात एका चौकटीत २५६ पेक्षा जास्त रंग मावत नाहीत आणि काळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो. आपल्या कामाला तेवढे पुरेसे आहे.

आता वरचे आकडे कोठून आले ते पाहू. स्थिर स्थितीतून सुटलेली वस्तू जेवढे अंतर पडते ते काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून १, २, ३, ४ या काळांना अंतरे १, ४, ९, १६ अशी येतात. आपण प्रत्येकाला ५ ने गुणले, एवढेच. लागोपाठच्या दोन चौकटींतला फरक काढा. तो ५, १५, २५, ३५ असा वाढत शेवटी ९५ होतो. हे आकडे १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात आहेत. पडणाऱ्या वस्तूचा हा विषम संख्यांचा नियम गॅलिलिओने चारशे वर्षांपूर्वी सांगितला.

आणखी एक हिशेब. ५० मिलिसेकंदांची दहा अंतरे म्हणजे अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात वस्तू १२२.५ सेंटिमीटर पडते. म्हणजे पडद्यावरचे ५०० पिक्सेल हे खऱ्या जगातले सुमारे सव्वा मीटर आहेत. तोच काळ १०० मिलिसेकंद केला, तर हेच चित्र निम्म्या गतीने दिसेल.

माझ्या पहिल्या प्रयत्नात दर वेळचा फरक ५० पिक्सेलचा होता. सुरुवात तीच, शेवट तोच, चौकटीही तेवढ्याच. तरी एक चेंडू पडतो आणि दुसरा उतरतो!

चेंडूला उसळी द्यायची आहे? मग जमिनीवर आपटल्यानंतर आठ चौकटी वाढवा आणि त्यांत तो ७५, ६५, ५५, ४५, ३५, २५, १५ व ५ पिक्सेल असा वर न्या. बेरीज ३२० होते. म्हणजे चेंडू मूळ उंचीच्या ६४ टक्के उंचीपर्यंत उसळला. त्याचा उसळतानाचा वेग आपटण्याच्या वेगाच्या ८० टक्के होता, असा याचा अर्थ. वेग ८० टक्के, तर उंची ६४ टक्के कशी, ते तुम्ही शोधा.

साक्रीच्या पवनचक्क्या

सुटी संपता संपता भाचीला घेऊन साक्रीकडे गेलो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. आम्ही घड्याळ लावून एका चक्कीच्या फेऱ्या मोजल्या. त्या वेळी मिनिटाला १५ फेऱ्या होत होत्या. म्हणजे एका फेरीला ४ सेकंद.

हिचे चलच्चित्र करायला किती चौकटी लागतील? दर चौकटीला पाते १० अंश फिरवायचे ठरवले, तर पूर्ण फेरीला ३६ चौकटी लागतील असे वाटते. पण चक्कीला तीन सारखी पाती असतात. १२० अंश फिरल्यावर ती पुन्हा पहिल्यासारखीच दिसते. म्हणून १२ चौकटी पुरे! तेराव्या जागी पहिलीच पुन्हा येते आणि चक्की अखंड फिरत राहते. फेरीचा तिसरा हिस्सा व्हायला १.३३ सेकंद लागतो, म्हणून प्रत्येक चौकटीला ११० मिलिसेकंद द्यावेत.

भाचीने या बारा चौकटी उलट्या क्रमाने लावल्या. चक्की उलटी फिरू लागली, त्यात नवल नाही. पण मग तिला मी विचारले, "प्रत्येक चौकटीत पाती ११० अंश पुढे फिरवली असती तर काय दिसले असते?" तिने कागदावर काढून पाहिले. ११० अंश पुढे गेलेली पाती आणि १० अंश मागे आलेली पाती यांचे चित्र हुबेहूब एकच येते. समोर दोन शक्यता असल्या की मेंदू बहुधा जवळची निवडतो, म्हणून चक्की उलटी फिरताना दिसते. बरोबर १२० अंश फिरवली, तर ती थांबलेलीच दिसते. आणि ६० अंश फिरवली, तर पुढे की मागे हे चित्रांवरून ठरवताच येत नाही.

चित्रपटात भरधाव टांग्याची चाके कधी कधी उलटी फिरताना दिसतात, त्याचे कारण हेच आहे. कॅमेरा खोटे बोलत नाही, पण तो दोन चौकटींच्या मध्ये काय झाले हेही सांगत नाही. एका पात्याला लाल रंग द्या, म्हणजे शंका फिटेल. पण मग बारा चौकटींवर भागणार नाही, ३६ काढाव्या लागतील.

करून पाहा : २

फाळक्यांचा वाटाणा होता. आपण खानदेशातले, आपण केळी घेऊ. हिरव्या केळ्यांची एक फणी पांढऱ्या कागदावर ठेवा. मोबाइल एका जागी पक्का टेकवा आणि त्याची जागा खडूने आखून घ्या. सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ वाजता, खिडकी बंद करून, त्याच एका दिव्याच्या उजेडात एकेक फोटो घ्या. आठ दिवसांत १६ फोटो होतील. त्यांना ०१, ०२, ०३ अशी नावे द्या. १, २, ३ अशी दिलीत, तर संगणक १० ला २ च्या आधी बसवण्याची शक्यता असते. गिम्पमधील 'ओपन ॲज लेयर्स' ने सर्व फोटो एकदम थर म्हणून उघडतात. प्रत्येकाला २५० मिलिसेकंद द्या. चार सेकंदांत हिरवी फणी पिवळी होऊन तिच्यावर काळे ठिपके येतील.

यात एक पथ्य पाळायचे. दोन फोटोंमधला काळ समान हवा. तुम्ही दिवसा दर तासाला फोटो घेतले आणि रात्री झोपून गेलात, तर दर रात्री केळ्यांचा रंग एकदम उडी मारताना दिसेल. ती उडी केळ्यांची नव्हे, तुमच्या झोपेची! एखादा फोटो चुकला, तर त्याच्या जागी आधीचा फोटो दोनदा लावून वेळ मारून नेऊ नका. पाहणाऱ्याला वाटेल की केळे बारा तास पिकायचे थांबले होते. राहून गेलेली चौकट राहून गेली असे चित्राखाली लिहावे. प्रयोगाच्या वहीतील नोंदींना जो नियम लागतो, तोच येथेही लागतो.

संगणक हाताशी नसेल तर अडू नका. जुन्या वहीच्या कोपऱ्यात, पानागणिक एक याप्रमाणे तोच चेंडू त्याच मापाने काढा आणि पाने अंगठ्याने फडफडवा. ५०० पिक्सेलच्या जागी ५ सेंटिमीटर धरा, म्हणजे पहिले अंतर अर्धा मिलिमीटर येईल.

शिक्षकांनाही एक सुचवावेसे वाटते. पडणाऱ्या वस्तूचे सूत्र पाठ झाले की नाही हे तोंडी परीक्षेत कळते. समजले की नाही हे अकरा चौकटी काढायला दिल्या की कळते. माझ्या बाबतीत तेच झाले. त्या दिवाळीनंतर वर्गात मी दोन्ही चेंडू दाखवतो, आधी उतरणारा आणि मग पडणारा. पहिल्यात काय चुकले हे मुलांना विचारतो, आणि ती चूक कोणी काढली हेही सांगतो.

जाता जाता तुमच्यासाठी एक कोडे. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एकषष्ठांश आहे. तोच चेंडू चंद्रावर पडताना दाखवायचा असेल, तर आपल्या चलच्चित्रात काय बदलावे लागेल? एकही नवे चित्र काढावे लागणार नाही, एवढेच सांगून ठेवतो.